रेटिंग कसे फुगवतात, कसे पाडतात आणि आकड्यापलीकडे काय बघायचे

तराजू

ऑनलाइन बाजारात माल हाताळून बघता येत नाही आणि विकणारा समोर नसतो. सगळा भरवसा एका आकड्यावर टाकावा लागतो: ४.३ तारे किंवा ९८.७ टक्के पॉझिटिव्ह. हा आकडा बनतो कसा आणि त्यात ढवळाढवळ कुठे होते, ते एका जागी लिहून ठेवावे म्हणून हा धागा. ज्यांना या विषयातले खरोखर माहीत आहे त्यांनी भर घालावी. 'सगळेच फेक असते' एवढेच लिहायचे असेल तर कृपया नको, त्याने कोणाच्याच हाती काही लागत नाही.

सुरुवात थोड्या इतिहासाने, कारण आजचे बहुतेक नियम जुन्या चुकांतून आले आहेत. पियेर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये ऑक्शनवेब हे ऑनलाइन लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ईबे झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथे फीडबॅकची सोय आली: चांगला अनुभव अधिक एक, वाईट उणे एक, मधला शून्य. त्या काळात व्यवहार झालेला नसला तरी कोणीही कोणालाही गुण देऊ शकत असे. मित्रामित्रांनी एकमेकांना वर चढवायला आणि भांडण झाले की खाली ओढायला मोकळे रान होते. म्हणून पुढे फीडबॅक प्रत्यक्ष व्यवहाराला बांधला गेला.

दुसरी चूक उमगायला जास्त वर्षे लागली. खरेदीदार आणि विक्रेता दोघेही एकमेकांना गुण देत. विक्रेते आधी काहीच लिहीत नसत, खरेदीदार काय लिहितो याची वाट बघत. त्याने निगेटिव्ह दिले की लगेच उलट निगेटिव्ह. लोकांनी धसका घेतला आणि तक्रार असली तरी गप्प बसू लागले. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी ईबेवरचे १९९९ चे व्यवहार तपासले. निम्म्याहून थोड्या जास्त खरेदीदारांनी फीडबॅक दिला होता आणि त्यातला ९९.१ टक्के पॉझिटिव्ह होता. इतके समाधान कुठल्याच बाजारात नसते. मे २००८ पासून ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराला निगेटिव्ह किंवा न्यूट्रल देण्याची मुभा काढून घेतली. प्रवाशांना घरे-खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली: यजमान आणि पाहुणा दोघांनी १४ दिवसांत लिहायचे आणि दोघांचे लिहून झाल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही मजकूर उघडायचे. समोरच्याने काय लिहिले हे दिसतच नाही, त्यामुळे उट्टे काढायला जागा राहत नाही. माझ्या मते ज्या बाजारात दोन्ही बाजू गुण देतात तिथे हाच उपाय सर्वांत चांगला.

---

अंशछेद

उत्तम धागा. गणिताची बाजू मी मांडतो.

सरासरी ताऱ्यांची खोड अशी की सुरुवातीला ती हलवणे फार स्वस्त पडते. एका लिस्टिंगवर (विक्रीला लावलेल्या वस्तूच्या पानावर) २० रिव्ह्यू आहेत, सरासरी ३.६. ती ४.५ वर न्यायला पाच तारेवाले किती खोटे रिव्ह्यू लागतील? बेरीज ७२ आहे. (७२ + ५क्ष) ÷ (२० + क्ष) = ४.५ सोडवले की क्ष = ३६. तेच ४०० रिव्ह्यू असताना ७२० लागतात. त्यामुळे बनवाबनवी बहुतेक वेळा लिस्टिंग नवी असतानाच होते. पहिल्या काही आठवड्यांत रेटिंग वर गेले की शोधात क्रमांक वर येतो, खरे गिऱ्हाईक येते आणि मग त्यांचे रिव्ह्यू खोट्यांना झाकून टाकतात.

टक्केवारीचा हिशेब याच्या उलट अंगाने बोचतो. ५० पैकी १ निगेटिव्ह म्हणजे ९८ टक्के. तिथून ९९.५ वर यायचे तर पुढचे १५० व्यवहार सलग पॉझिटिव्ह हवेत (२०० पैकी १९९). छोट्या विक्रेत्याचा जीव एका निगेटिव्हमध्ये अडकतो तो यामुळे, आणि धमकी देणाऱ्यांना याची पुरती जाणीव असते.

आता तुलना. एकाकडे ३ पैकी ३ पॉझिटिव्ह, म्हणजे १०० टक्के. दुसऱ्याकडे १०० पैकी ९४. यादी टक्केवारीने लावली तर पहिला वर दिसतो, आणि ते चूक आहे. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेले सूत्र इथे कामी येते. हातातल्या पुराव्यावरून खरे प्रमाण निदान किती असावे, याची खालची मर्यादा ते देते. ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने ३ पैकी ३ ची खालची मर्यादा सुमारे ४४ टक्के येते, १० पैकी १० ची ७२ आणि १०० पैकी ९४ ची ८७.५. कागदावर पटकन करायचे असेल तर लाप्लासची युक्ती वापरा: पॉझिटिव्हमध्ये १ आणि एकूणात २ मिळवा. ३ पैकी ३ चे ५ पैकी ४ होतात, म्हणजे ८० टक्के. १०० पैकी ९४ चे १०२ पैकी ९५, म्हणजे ९३. क्रम लगेच सुधारतो.

आणखी एक. दिसणारे तारे नेहमी साधी सरासरी नसतात. ॲमेझॉनने २०१५ पासून साधी सरासरी सोडली. रिव्ह्यू किती जुना आहे, खरेदी पडताळलेली आहे का, अशा गोष्टींवरून वजन ठरते. त्यामुळे खालच्या पट्ट्यांवरून (किती ताऱ्यांचे किती टक्के रिव्ह्यू हे दाखवणाऱ्या) तुम्ही काढलेला आकडा वरच्या आकड्याशी जुळला नाही तर तेवढ्यावरून गडबड आहे असे समजू नका.

---

रानवारा

अंशछेद, १५० वाला हिशेब डोक्यात पक्का बसला. तराजू, एक प्रश्न. 'व्हेरिफाइड' असा शिक्का असलेला रिव्ह्यू तरी खरा धरायचा का?

---

तराजू

@रानवारा, नाही. शिक्क्याचा अर्थ एवढाच की त्या खात्यावरून ती वस्तू विकत घेतली गेली. पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हे शिक्का सांगत नाही.

सध्याची सर्वांत रुळलेली पद्धत अशी: मेसेजिंग ॲपवर किंवा सोशल मीडियावरच्या बंद गटात दलाल वस्तूंचे फोटो टाकतो. इच्छुकाला थेट लिंक दिली जात नाही. अमुक शब्द शोधा, यादीत खाली जा, दोनचार इतर वस्तू उघडून बघा आणि मग ही वस्तू घ्या, असे सांगितले जाते, म्हणजे खरे गिऱ्हाईक वाटावे. पूर्ण किंमत भरून खरेदी होते. माल आल्यावर ५-७ दिवस थांबायचे, फोटोसह पाच तारे द्यायचे, रिव्ह्यू दिसू लागला की त्याचा स्क्रीनशॉट दलालाला पाठवायचा. मग वस्तूची किंमत बाजाराबाहेरच्या मार्गाने परत मिळते, कधी वर थोडे कमिशनही. बाजाराच्या नोंदीत हा व्यवहार शंभर टक्के स्वच्छ दिसतो.

हे करणाऱ्याचेही नुकसान होते ते वेगळेच. परताव्याची हमी कोणी देत नाही, दलाल गायब झाला तर तक्रार कुठे करणार? शिवाय बँकेचा तपशील आणि पत्ता अनोळखी माणसाच्या हाती जातो. खाते बंद झाले तर जुन्या खऱ्या खरेद्यांचा इतिहासही जातो.

'घरबसल्या वस्तूंना रेटिंग द्या, पैसे कमवा' असे मेसेज येतात ते मात्र बहुधा रिव्ह्यूचे काम नसतेच. पहिल्या दोनतीन कामांचे किरकोळ पैसे खरेच देतात, मग मोठे काम 'उघडण्यासाठी' आधी रक्कम भरायला लावतात. काम देणारा आपल्याकडेच पैसे मागू लागला की तिथेच थांबा.

---

पडताळणी

प्लॅटफॉर्मच्या बाजूने हे कसे पकडले जाते, त्याबद्दल. चोरांना शिकवणी होईल असे काही लिहीत नाही, खालच्या सगळ्या गोष्टी उघडपणे चर्चिल्या गेलेल्या आहेत.

एकेक रिव्ह्यू वाचून खराखोटा ठरवणे हा सर्वांत कच्चा मार्ग. मजकूर आता यंत्राकडून हवा तसा लिहून घेता येतो, त्यात व्याकरणाच्या चुकासुद्धा मागून मिळतात. 'फार गोड बोलतोय म्हणजे खोटा' ही परीक्षा आता चालत नाही. खात्रीचा पुरावा मिळतो तो खात्यांच्या जाळ्यात. एका बाजूला खाती, दुसऱ्या बाजूला वस्तू, आणि रिव्ह्यू म्हणजे दोहोंना जोडणारी रेघ. खरे ग्राहक विखुरलेले असतात. चाळीस अनोळखी माणसांनी त्याच बारा वस्तू, त्याही एकमेकींशी काही संबंध नसलेल्या, त्याच दोन महिन्यांत घेतल्या आणि सगळ्यांना पाच तारे दिले, असे आपोआप घडत नाही. दलालाचा गट ठरलेला असतो आणि त्याचे विक्रेतेही ठरलेले, म्हणून हा आकार उमटतो. खाते कितीही जुने आणि मजकूर कितीही नैसर्गिक असला तरी हा ठसा पुसणे अवघड जाते.

दुसरा धागा वेळेचा. विक्री आणि रिव्ह्यू यांचे प्रमाण एका वस्तूसाठी साधारण स्थिर असते. विक्री तेवढीच राहून रिव्ह्यू एकाच आठवड्यात पाचपट झाले तर तपासावेच लागते. मात्र सणाची विक्री किंवा एखाद्या व्हिडिओमुळे आलेली लाट यातही उसळी दिसते, तेव्हा विक्रीचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

यात उशीर होतो हे खरे आहे. शेरी हे, ब्रेट हॉलनबेक आणि डेव्हिड प्रोझर्पियो या तीन संशोधकांनी फेसबुकवरच्या अशा गटांतून रिव्ह्यू विकत घेणाऱ्या ॲमेझॉन वस्तूंचा माग ठेवला होता (२०२२ मध्ये प्रसिद्ध). त्यांना आढळले की ॲमेझॉन असे बरेच रिव्ह्यू काढते, पण सरासरी १०० हून जास्त दिवसांनी. तोवर विक्रेत्याचा फायदा उरकलेला असतो. रिव्ह्यूंची खरेदी थांबल्यावर त्याच वस्तूंचे रेटिंग घसरते आणि एक तारेवाले वाढतात, हेही त्यांनी दाखवले. माल मुळात सुमार असतो, ते गिऱ्हाइकांनी वापरल्यावर उघडे पडते.

---

पावती

विक्रेत्यांच्या बाजूने दोन शब्द. इथे सगळी चर्चा फुगवण्याची चालली आहे, पाडण्याची नाही.

प्रतिस्पर्ध्याला खाली ओढण्याचा सरळ मार्ग म्हणजे वस्तू मागवून एक तारा देणे. पण तो महाग पडतो आणि सापडतो. त्याहून घातक प्रकार उलटा आहे: प्रतिस्पर्ध्याच्या लिस्टिंगवर स्वतःच्या पैशाने अगदी ढोबळ, उघड खोटे पाच तारे टाकायचे आणि मग तक्रार करायची. चौकशी त्या बिचाऱ्यावर येते, लिस्टिंग गोठते. असे रिव्ह्यू दिसताच विक्रेत्याने स्वतःहून, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉटसह, प्लॅटफॉर्मला लेखी कळवावे. चांगले रेटिंग आहे म्हणून गप्प बसलात तर नंतर 'आम्ही नाही केले' हे पटवणे जवळजवळ अशक्य होते. तिसरा प्रकार म्हणजे जुन्या निगेटिव्ह रिव्ह्यूला भाड्याच्या खात्यांकडून 'उपयुक्त' अशी मते देऊन तो सगळ्यात वर आणणे. यात खोटा रिव्ह्यू लिहावाच लागत नाही, म्हणून पकडायला सर्वांत कठीण.

खरेदीदाराची धमकी: 'अर्धे पैसे परत करा नाहीतर एक तारा देतो.' हे बोलणे कायम प्लॅटफॉर्मच्या मेसेजमध्येच ठेवा, फोनवर किंवा बाहेरच्या ॲपवर नेऊ नका. उत्तरात फक्त अधिकृत परतीचा मार्ग सांगा: वस्तू सदोष असेल तर परत पाठवा, पूर्ण पैसे मिळतील. 'रिव्ह्यू काढलात तर रक्कम देतो' असे एक वाक्य तुमच्याकडून गेले की नियमभंग तुमचा ठरतो, धमकी त्याची असूनही.

---

कलम४२०

पावतीताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून कायद्याचे थोडेसे.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ च्या फेब्रुवारीत पैसे देऊन ॲमेझॉनवर खोटे रिव्ह्यू टाकून घेतल्याबद्दल क्युअर एन्कॅप्स्युलेशन्स या वजन घटवण्याच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. स्वतंत्र विक्री-संकेतस्थळावरच्या विकत घेतलेल्या रिव्ह्यूंबद्दलचा हा त्यांचा पहिला खटला. जानेवारी २०२२ मध्ये फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या कंपनीने ४२ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तिथे आरोप खोट्या रिव्ह्यूंचा नव्हता, चार ताऱ्यांखालचे खरे रिव्ह्यू प्रसिद्धच न केल्याचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाउंटिफुल कंपनीला ६ लाख डॉलर भरावे लागले, कारण ॲमेझॉनवर वेगवेगळी उत्पादने एकाच वस्तूचे 'प्रकार' म्हणून जोडून जुन्याचे रिव्ह्यू नव्याला चिकटवले होते. २१ ऑक्टोबर २०२४ पासून तर खोटे रिव्ह्यू लिहिणे, विकणे, विकत घेणे यांवर स्वतंत्र नियमच लागू झाला.

युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून, रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांचेच आहेत याची खात्री विक्रेता करतो का आणि कशी, हे सांगणे बंधनकारक आहे. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर थेट बंदी आणली, दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक रिव्ह्यू गोळा करणे, तपासणे आणि छापणे या तिन्ही टप्प्यांबद्दल आहे, मात्र ऐच्छिक म्हणून आले.

पुष्कळ विक्रेत्यांना वाटते की पाकिटात 'रिव्ह्यू द्या, गिफ्ट कार्ड मिळवा' अशी चिठ्ठी टाकली तर काय बिघडले, खोटे तर लिहायला सांगत नाही. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०१६ पासून मोबदल्यातल्या रिव्ह्यूंना मनाई केली आहे, अपवाद फक्त त्यांच्या स्वतःच्या 'वाइन' (Vine) योजनेचा, ज्यात निवडक ग्राहकांना ॲमेझॉनच वस्तू मोफत देऊन रिव्ह्यू मागते. 'समाधानी असाल तर इथे लिहा, नसाल तर आम्हाला मेल करा' ही चाळणीसुद्धा नियमात बसत नाही. विनंती करायचीच तर सगळ्यांना, एकाच शब्दांत आणि चांगलेच लिहा असे न सुचवता.

---

रानवारा

बाउंटिफुलचे उदाहरण नीट कळले नाही. रिव्ह्यू दुसऱ्या वस्तूला चिकटतात कसे?

---

तराजू

एकाच शर्टाचे पाच रंग वेगवेगळ्या पानांवर न ठेवता एकाच पानावर 'प्रकार' म्हणून ठेवता येतात आणि रिव्ह्यू सगळ्यांचे एकत्र दिसतात. ही सोय चांगली आहे. गैरवापर असा की चार्जिंग केबलचे मेलेले लिस्टिंग, ज्यावर कधीकाळी दोन हजार रिव्ह्यू जमले होते, ते उचलायचे आणि त्याला नव्या इअरफोनचा 'प्रकार' म्हणून जोडायचे. किंवा पान तेच ठेवून नाव, फोटो, वर्णन हळूहळू बदलायचे. पहिल्या दिवसापासून इअरफोनवर दोन हजार रिव्ह्यू.

हे ओळखायला सर्वांत सोपे आहे, तरी लोक फसतात, कारण पानावर आधी 'सर्वांत उपयुक्त' रिव्ह्यू दिसतात. क्रम बदलून 'सर्वांत नवे' करा आणि मग अगदी जुन्यापर्यंत खाली जा. इअरफोनच्या पानावर कोणी केबलच्या लांबीबद्दल लिहिले असेल किंवा ग्राहकांच्या फोटोंत वेगळीच वस्तू असेल तर पान बंद करा.

मी वाचताना आधी तीन तारेवाले बघतो. ते कोणी विकत घेत नाही आणि सूड म्हणूनही कोणी देत नाही. त्यात 'चालते, पण बिजागर सैल आहे' असे खरे वर्णन सापडते. मग एक तारेवाल्यांत एकच दोष पुन्हा पुन्हा येतो का ते बघायचे. 'कुरिअर उशिरा आले' हे वस्तूबद्दल नाही, सोडून द्या. 'तिसऱ्या आठवड्यात बॅटरी फुगली' असे चार वेगळ्या महिन्यांत चार जणांनी लिहिले असेल तर ४.६ तारे असूनही घेऊ नका. पट्ट्यांचा आकार मात्र पुरावा म्हणून वापरू नये. खूप पाच, थोडे एक आणि मधे खळगा असा इंग्रजी जे सारखा आकार खऱ्या वस्तूंचाही असतो, कारण फार खूश आणि फार चिडलेले लोकच लिहायची तसदी घेतात.

विक्रेत्याचे रेटिंग बघताना आणखी एक तपासा, ते फार कमी लोक बघतात: आधीचे व्यवहार कोणत्या किमतीचे होते. शेकडो किरकोळ वस्तू नीट पोचवून नाव कमवायचे आणि मग अचानक महाग फोन, कॅमेरे लावून पैसे गोळा करून पसार व्हायचे, ही युक्ती फीडबॅक इतकीच जुनी आहे. ईबेवर एकेकाळी एका सेंटला ई-पुस्तक विकून दोन्ही बाजूंनी पॉझिटिव्ह वाटले जात. बहुतेक प्लॅटफॉर्म स्वस्त आणि महाग व्यवहाराचा गुण सारखाच मोजतात, आणि ही आजच्या पद्धतीतली सर्वांत मोठी उणीव आहे असे मला ठामपणे वाटते.

---

पडताळणी

+१. मात्र किमतीनुसार वजन द्यायचे तर हमीची रक्कमही हवी. नाहीतर दोन साथीदार आपसांतच महाग वस्तूची खोटी विक्री दाखवतील, त्यांना खर्च फक्त प्लॅटफॉर्मच्या कमिशनचा. नव्या विक्रेत्याचे पैसे माल पोचल्यानंतर काही दिवस अडकवून ठेवणे आणि त्याची महाग विक्री टप्प्याटप्प्याने खुली करणे, हे जास्त टिकते. पसार होणाऱ्याच्या हाती रोकड येण्याआधीच तक्रारी येतात.

---

पावती

पण अडकलेल्या पैशांचा भार प्रामाणिक नवख्यावर पडतो. भांडवल कमी असेल तर दोन आठवडे पैसे अडकणे म्हणजे पुढचा माल उचलता न येणे. निदान मुदत आधीच स्पष्ट सांगावी आणि पोच मिळालेल्या ऑर्डरींची ती कमी करावी.

---

पडताळणी

मान्य. पोच नोंदली गेल्यावर मुदत कमी करणे योग्यच आहे, त्याने सुरक्षितता फारशी घटत नाही.

---

रानवारा

शेवटची शंका. न मागवलेले पार्सल घरी आले, आत एखादी फुटकळ वस्तू. याचा रेटिंगशी संबंध असतो असे ऐकले.

---

तराजू

असतो, त्याला ब्रशिंग म्हणतात. विक्रेता कुठून तरी मिळवलेल्या नाव-पत्त्यावर खाते उघडतो, स्वतःच ऑर्डर देतो, काहीतरी हलके पाठवून पोच मिळवतो आणि त्या खात्यावरून 'व्हेरिफाइड' रिव्ह्यू लिहितो. पार्सल हवे असते ते फक्त पोचीच्या नोंदीसाठी. २०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत असंख्य घरी अनोळखी बियाण्यांची पाकिटे आली, तेव्हा तिथल्या कृषी खात्याने ब्रशिंगकडेच बोट दाखवले होते.

पैसे द्यायचे नाहीत. 'कॅश ऑन डिलिव्हरी' असेल तर घेऊच नका. आत क्यूआर कोड असेल तर स्कॅन करू नका. ज्या बाजाराचे पाकीट आहे तिथल्या आपल्या खात्यात ऑर्डरची यादी बघा. तिथे ती ऑर्डर नसेल तर फक्त पत्ता बाहेर गेला आहे: पार्सलवरचा ट्रॅकिंग क्रमांक देऊन प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा, तो रिव्ह्यू काढता येतो. ऑर्डर तुमच्याच खात्यात दिसत असेल तर खाते फुटले आहे. लगेच पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, साठवलेले कार्ड काढा आणि तुमच्या नावावर कोणते रिव्ह्यू लिहिले गेले आहेत ते उघडून बघा. बियाणे आले असेल तर पेरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका, कृषी विभागाला कळवा.